गाडीचा खोकला, घरच्यांची डोकेदुखी

आरोग्याच्या सदरात मोटारीच्या दुरुस्तीचे काय काम, असा प्रश्न आजचे शीर्षक वाचून काही वाचकांना पडेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही तो पडला असता. पण त्या आठवड्यात जे घडले त्याने माझे डोळे उघडले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या दुखण्यांचे निदान करणारा मी, माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी बसलेल्या माणसाचे निदान चुकलो. वाचकांपैकी कोणाची तशी चूक होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

तपासणीत नापास

आमची गाडी २०१२ ची. छोटी, पेट्रोलवर चालणारी. दवाखाना ते घर, आणि महिना-दीड महिन्याने लेकीकडे चिपळूणला, एवढाच तिचा प्रवास. दर सहा महिन्यांनी तिच्या धुराची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. आपण सगळे त्याला ‘पीयूसी’ म्हणतो. जुलै महिन्यात दाखल्याची मुदत संपायला आठवडा राहिला होता म्हणून गाडी घेऊन गेलो. यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडात घातली, पडद्यावर आकडे उमटले आणि मुलगा म्हणाला, “डॉक्टर, गाडी नापास आहे.”

कार्बन मोनॉक्साइड २.३ टक्के. आमच्या गाडीच्या मानकाला मर्यादा आहे अर्धा टक्का. म्हणजे चौपटीहून अधिक. न जळलेल्या पेट्रोलचा, म्हणजे हायड्रोकार्बनचा आकडा ८२०. त्याची मर्यादा दहा लाख भागांत ७५०. तोही वरच.

तेथून जवळच्याच एका गॅरेजमध्ये गेलो. तेथील गृहस्थांनी बॉनेटही न उघडता निकाल दिला. “साहेब, कॅट कन्व्हर्टर गेला. नवा ओरिजिनल टाकायचा तर तीस हजारांच्या घरात जाईल. नाहीतर दुसरा उपाय आहे. डबा कापतो, आतली जाळी काढून टाकतो, परत वेल्डिंग मारतो. हजार रुपयांत काम. उलट त्या जाळीचे मीच तुम्हाला दोन पैसे देतो. पिकअपही वाढेल. दाखल्याचे काय ते आपण बघून घेऊ.”

खोटे कशाला सांगू, मोह झाला. तीस हजार आणि हजार, यांतला फरक कोणालाही कळतो. शिवाय दुसऱ्या दिवशी चिपळूणला जायचे होते. आल्यावर बघू म्हणून मी गाडी घरी आणली.

घाटातली डोकेदुखी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कराडहून निघालो. मी, आमच्या सौ. आणि सुट्टीला आलेली चार वर्षांची नात. पाटण सोडले आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. कोयनानगरपासून तर समोरचे दिसेना. काचा पूर्ण वर केलेल्या आणि समोरच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून बाहेरची हवा आत घेणारा पंखा सुरू. कुंभार्ली घाटात दोन मालट्रकांच्या मागे आम्ही अर्धा-पाऊण तास गोगलगाईच्या गतीने उतरत होतो.

सौ. म्हणाल्या, “अहो, डोके फार जड झालेय. मळमळतेय.” मी म्हणालो, “घाट आहे, गाडी लागली असेल. लिंबू हुंगा.” मागे नात झोपली होती. चिपळूणला पोहोचल्यावर तिला उठवले तर नीट उठेचना. चिडचिड करून पुन्हा मान टाकी. पिशवीत ऑक्सिमीटर होता, कोविडच्या काळात घेतलेला. सौं.च्या बोटाला लावला, नातीच्या बोटाला लावला. दोघींचेही ९८. मी निश्चिंत झालो. तास-दीड तास ओसरीवर मोकळ्या हवेत बसल्यावर दोघीही ठणठणीत झाल्या. प्रवासाचा शीण, असे म्हणून विषय संपला.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. तोच पाऊस, त्याच बंद काचा. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला आणि आता माझ्याच कपाळात ठणका सुरू झाला. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. मला तर आयुष्यात कधी लागलेली नाही. शेजारी पाहिले तर सौं.नी डोके धरलेले. मागे नात पेंगुळलेली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकाच जागी असलेल्या तिघांना एकाच वेळी एकच तक्रार, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर ती आपोआप नाहीशी. विद्यार्थीदशेत पाठ केलेली ही खूण मला समोर दिसत असून दिसली नव्हती. घाटात रुंद जागा मिळताच गाडी थांबवली, इंजिन बंद केले, सगळ्यांना बाहेर काढले. पुढचा सारा प्रवास पंखा बंद ठेवून आणि चारही काचा खाली करून केला. तिघेही चिंब भिजलो. पण पाटण येईपर्यंत डोकेदुखी उतरली होती आणि नात खिडकीतून पाऊस झेलत गाणे म्हणत होती.

रक्ताची तपासणी मी करून घेतली नाही. त्यामुळे अमुकच झाले होते असे शपथेवर सांगणार नाही. पण पुढे गाडीत जे सापडले ते पाहता मला तरी शंका उरलेली नाही.

न दिसणारा वायू

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पेट्रोल, रॉकेल, लाकूड, कोळसा यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोहोचवते. या वायूची हिमोग्लोबिनशी सलगी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. एसटीत जागेवर रुमाल टाकून बसणाऱ्या प्रवाशासारखा तो हिमोग्लोबिनवर बसतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, गरगरते, झोप येते. मात्रा वाढली की बेशुद्धी आणि मृत्यू. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा धोका अधिक.

आणि माझ्या ऑक्सिमीटरने ९८ का दाखवले? कारण साधा ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून रक्ताचा लालपणा मोजतो. या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून अशा प्रसंगी त्या आकड्यावर विसंबू नये, हे घरोघरी ऑक्सिमीटर असलेल्या आजच्या काळात मुद्दाम सांगतो. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागू शकतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. म्हणून लक्षणे जास्त असतील, माणूस बेशुद्ध झाला असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर तडक रुग्णालय गाठावे.

डब्यातली जाळी काय करते?

कराडला आल्यावर मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय साठीच्या पुढे, शिक्षण सातवी, पण इंजिनाची नाडी अचूक पाहणारा माणूस. जाळी काढून टाकण्याचा सल्ला ऐकून ते हसले. “डॉक्टर, पेशंटला खोकला आला तर तुम्ही त्याचे फुप्फुस काढता का?”

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधला एक पोलादी डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिच्या शेकडो बारीक छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. किंमत जास्त ती या धातूंमुळेच, आणि भंगारवाल्याला जाळी हवी असते तीही याचमुळे. गरम धूर या छिद्रांतून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. जाळी अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापली की हे काम सुरू होते आणि चांगल्या स्थितीतली जाळी घाणीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निकामी करते. आपले यकृत रक्तासाठी करते तसेच हे काम आहे म्हणा ना!

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. त्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले, कारण शिशाने जाळीवरचा लेप मरतो. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जाळी वाचवण्यासाठी शिसे गेले आणि त्याबरोबर लहान मुलांच्या मेंदूला बाधणारे एक विषही हवेतून कमी झाले.

मिस्त्रींचे निदान

मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन सुरू करून मला जवळ बोलावले. “ऐका.” बारीक टिक्‌टिक्‌ असा आवाज येत होता. इंजिन तापल्यावर तो जवळजवळ बंद झाला. लोखंड तापून फुगते, फट मिटते, म्हणून गॅरेजात तो कोणाला ऐकू येत नाही. मग त्यांच्या पोराने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबले. पुढे इंजिनाच्या बाजूला फस्स असा आवाज झाला. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर इंजिनातून निघणारी नळी जेथे पुढच्या नळीला जोडते त्या जोडावर काजळीचा काळा पट्टा होता. जोडातले पॅकिंग जळाले होते आणि एक बोल्ट गंजून तुटला होता.

एवढ्याशा फटीने दोन अनर्थ केले होते. पहिला असा की, कन्व्हर्टरपर्यंत पोहोचण्याआधीचा कच्चा, विषारी धूर बॉनेटखाली सुटत होता. बाहेरची हवा आत ओढणाऱ्या पंख्याचे तोंड समोरच्या काचेच्या पायाशी असते. पावसात काचा बंद, पंखा सुरू, गाडीची गती मंद. धुराला आत यायला यापेक्षा सोयीची वाट कोणती?

दुसरा असा. त्याच जोडाच्या पुढे प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. फटीतून धूर बाहेर जातो तशी बाहेरची हवाही आत ओढली जाते. सेन्सरला वाटते, प्राणवायू उरतो आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. तो तसा निरोप देतो आणि इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो. वाढलेले पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात आणि कन्व्हर्टरला न झेपणारी घाण त्याच्या अंगावर येते. म्हणजे तपासणीत नापास होणे आणि घाटातली डोकेदुखी ही दोन दुखणी नव्हतीच. दुखणे एकच होते. कन्व्हर्टर बिचारा रोगी होता, रोग नव्हता. आणि मी त्याचेच पोट कापायला निघालो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच!

जाळी काढली असती तर फट तशीच राहिली असती, डोकेदुखी तशीच राहिली असती, आणि वर सारा कच्चा धूर मागच्या दुचाकीवरच्या पोराच्या तोंडावर गेला असता.

खर्च किती आला?

नवे पॅकिंग, दोन बोल्ट, चार प्लग, एअर फिल्टर आणि मजुरी मिळून मला २,६५० रुपये खर्च आला. सेन्सर तपासला, तो शाबूत निघाला. मग मिस्त्रींच्या सांगण्यावरून महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका गतीने गाडी चालवली आणि गरम इंजिनानेच तपासणीला नेली. यात लबाडी नाही. जाळी तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तपासणी गरम इंजिनावरच व्हायला हवी. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन १४०. पास! पेट्रोलही आता पूर्वीपेक्षा कमी लागते. पुढे भर पावसात, काचा लावून आम्ही दोनदा चिपळूणला जाऊन आलो. कोणाचेही डोके दुखले नाही.

कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल तर

प्रत्येक वेळी असे स्वस्तात सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खुळखुळ वाजले तर जाळी फुटली आहे. चढावर गाडी दम सोडते, इंजिन गुदमरल्यासारखे होते, तेव्हा जाळी वितळून छिद्रे बुजली असण्याची शक्यता असते. फुटलेली किंवा वितळलेली जाळी बरी होत नाही. थिनरने किंवा तेजाबाने धुऊन ती नवी होते असे सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. वरवरची काजळी गाडी चांगली तापवून चालवल्याने जळून जाते. ऑइलची राख आणि मेलेला लेप यांना धुण्याचा उपयोग नाही.

अशा वेळी डबा बदलणे हाच उपाय. मूळ कंपनीचा महाग वाटला तर बाजारात इतरांचे कमी किमतीचेही मिळतात. पण फार स्वस्तात लेपाचा धातूही कमी असतो आणि तो लवकर दगा देतो. म्हणून आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी आणि मानकासाठीच तो बनवला आहे याची खात्री करून, पक्क्या पावतीने आणि हमीसह घ्यावा. आणि आधी मूळ कारण दूर करावे. ऑइल खाणाऱ्या किंवा मिसफायर करणाऱ्या इंजिनाला नवा डबा लावणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणे.

वाचकांनी एवढे करावे

१. गाडी नापास झाली तर आकडे लिहून घ्यावेत, पावती मागावी. डॉक्टरकडे जाताना रिपोर्ट नेतो तशी ती मिस्त्रीला दाखवावी.

२. स्वस्तापासून सुरुवात करावी. आधी एअर फिल्टर, प्लग आणि धुराच्या नळीचे जोड पाहावेत. मग प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल, मग सेन्सर. कन्व्हर्टरची पाळी शेवटी.

३. इंजिन अडखळत चालत असेल तर तसेच दामटू नये. न जळलेले पेट्रोल जाळीत जाऊन पेट घेते आणि जाळी वितळते. शेकड्यांतली दुरुस्ती हजारांत जाते. पुन्हा पुन्हा ढकलून गाडी सुरू करण्यानेही हेच होते.

४. डब्यातली जाळी काढू नये, काढू देऊ नये. वाहनाच्या मूळ रचनेत असा फेरफार करायला कायद्याची मनाई आहे. फटफट आवाजाचे सायलेन्सर लावणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात घ्यावे. अलीकडच्या दुचाकींच्या मूळ सायलेन्सरमध्येही कन्व्हर्टर असतो.

५. गाडी न दाखवता मिळणारा दाखला घेऊ नये. नियमभंगाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. खोटा रक्त-रिपोर्ट आणून मधुमेह बरा होतो काय?

६. गाडीत एकाहून अधिक माणसांना एकदम डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर ‘गाडी लागली’ असे माझ्यासारखे म्हणू नये. थांबावे, इंजिन बंद करावे, बाहेर यावे. ऑक्सिमीटरवर विसंबू नये.

७. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपू नये. कन्व्हर्टर चांगला असला तरीही नको.

८. डबा भयंकर तापतो. सुगीच्या दिवसांत वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नये.

मिस्त्रींना मी विचारले, इतक्या लोकांना तुम्ही जाळी काढायला नकार देता, धंदा बुडत नाही का? ते म्हणाले, “बुडतो थोडा. पण माझाही नातू याच रस्त्याने शाळेला जातो.” धुराच्या तपासणीचा दाखला आपण पोलिसासाठी घेतो, असा आपला समज आहे. तो आपल्या गाडीत मागे झोपलेल्या मुलासाठी आणि रस्त्याने शाळेत जाणाऱ्या दुसऱ्याच्या मुलासाठी असतो. तुमच्या दाखल्याची तारीख आजच पाहा. आणि उद्या सकाळी थंड इंजिन सुरू कराल तेव्हा मिनिटभर कान देऊन ऐका.